‘अडखळली गाडी, बदला कार्ब्युरेटर’ : एका फॉरवर्डची उलटतपासणी

जुन्या मोटारसायकली बाळगणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हापुन्हा येतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. गाडी मिसिंग मारते, झटके देते, चढाला धाप टाकते, तर कारण एकच : ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. प्लगला ठिणगी दिसली की इग्निशन ठीक समजा आणि थेट कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडा. त्यातल्या जेटला, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याला, तार घालून भोक जरा मोठं करा. मिक्श्चरचा स्क्रू दीड वळण सोडा. पेट्रोलचा फिल्टर काढून टाका, टाकीत दोन डांबराच्या गोळ्या टाका. एवढं करूनही जमलं नाही, तर नवा कार्ब्युरेटर बसवा.

यातल्या बहुतेक वाक्यांत चिमूटभर खरं आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. इथे एकेक घेऊ. ‘जुनी गाडी’ म्हणजे एप्रिल २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांआधीची, टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली येणारी कार्ब्युरेटरची दुचाकी : स्प्लेंडर, सीडी-१००, जुनी पल्सर वगैरे. जुन्या ॲक्टिव्हाचा एक फरक पुढे येईलच.

‘कारण एकच, ई२०’

इथेनॉल पेट्रोलमध्ये काल आलेलं नाही. ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम २००३ साली नऊ राज्यांत सुरू झाला. त्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. मध्ये खंड पडले. २०२२ च्या मध्यावर देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोचली आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. म्हणजे ज्या गाडीला लोक ‘शुद्ध पेट्रोलची सवय’ असलेली म्हणतात, ती ई२० येण्याआधीही इथेनॉल पीतच होती.

आता रसायनाचा भाग, कारण फॉरवर्डमधलं अर्धं सत्य इथे आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो. हिशोब केला तर ई१० ला १४.१ आणि ई२० ला १३.५ च्या आसपास आकडा येतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक भरून काढतो. कार्ब्युरेटरमधलं भोक मात्र ठरलेलं, त्यामुळे ई१० वर नीट लावलेली गाडी ई२० वर साधारण ४ टक्के ‘लीन’ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. याने सकाळी चोक थोडा जास्त वेळ लागतो, आयडलिंग (मूठ न पिळता इंजिनाचं संथ चालणं) जरा लटपटतं, ॲव्हरेज घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई० साठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या दुचाकींची घट ३ ते ४ टक्के धरली होती. ६० देणारी गाडी ५८ देईल, एवढंच.

पण पाच किलोमीटर चालून बंद पडणं, दहा मिनिटांनी आपोआप चालू होणं, फक्त पूर्ण रेसला अडखळणं, असं काही ४ टक्क्यांनी होत नाही. टाकीत सकाळी जे पेट्रोल होतं तेच संध्याकाळी आहे. दोष येतो-जातो आहे, तर कारणही येणारं-जाणारं शोधायला हवं.

इथेनॉल खरंच नडतं ते तीन ठिकाणी. जुने रबरी पाइप आणि वॉशर त्याने फुगतात, चिकट होतात किंवा कडक होऊन टोकाशी चिरतात. पाइप बोटांत वाकवून पाहा, भेग दिसली तर बदला. आतलं माप जुन्याइतकंच घ्या. दुसरं, टाकीच्या भिंतींना वर्षानुवर्षं चिकटलेला डिंक सुटून खाली येतो आणि जाळ्या तुंबवतो. तिसरं पाणी, आणि त्यावर जरा थांबायला हवं.

बहुतेक टाक्यांच्या झाकणाभोवती खोलगट जागा असते आणि तिथे साचलेलं पाणी एका बारीक नळीतून खाली रस्त्यावर जातं. ही नळी धुळीने बुजली की पावसाळ्यात उघड्यावर उभ्या गाडीच्या झाकणाभोवती तळं साचतं आणि झाकणाच्या जुन्या वॉशरमधून ते आत झिरपतं. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी तळाशी थेंबाथेंबाने वेगळं दिसायचं. इथेनॉल असलेलं पेट्रोल मात्र थोडं पाणी पोटात घेतं : ई१० मध्ये साधारण अर्धा टक्का, ई२० मध्ये त्याहून जास्त. ही मर्यादा ओलांडली की पाणी एकटं खाली बसत नाही, इथेनॉललाही ओढून घेऊन तळाशी वेगळा थर करतं. तो थर कार्ब्युरेटरमध्ये गेला की गाडी चालत नाही, आणि वरून ताजं पेट्रोल ओतून भागत नाही. टाकी रिकामीच करावी लागते.

यात एक गोष्ट सहज निसटते. अर्धा टक्का म्हणजे दहा लिटर पेट्रोलमध्ये ५० मिली, पण तळाशी राहिलेल्या एका लिटरमध्ये फक्त ५ मिली, एक चहाचा चमचा. जुनी गाडी पावसाळाभर लिटरभर पेट्रोलवर उभी करून ठेवणाऱ्यांनाच ‘पेट्रोल खराब’ हा अनुभव जास्त का येतो, ते यात आहे.

‘ठिणगी दिसली म्हणजे इग्निशन ठीक’

हे वाक्य सगळ्यात जास्त पैसे खातं. प्लग काढून, टोपीत घालून, हेडला टेकवून किक मारली आणि ठिणगी दिसली, एवढ्याने फक्त उघड्या हवेत ०.६-०.७ मिलिमीटरचं अंतर ती ओलांडते हे कळतं. सिलिंडरमध्ये तेच मिश्रण आठ-नऊ पट दाबलेलं असतं आणि तिथे उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल थकलेली असेल तर बाहेर पास होते, आत नापास. ६ मिलिमीटर अंतराच्या टेस्टरवर भक्कम निळी ठिणगी आली तर कॉइलवर भरवसा ठेवा. चाचणीला वेगळा प्लग वापरा आणि गाडीचा प्लग त्याच्या भोकातच राहू द्या. उघड्या भोकातून किकेबरोबर पेट्रोलची वाफ उडते आणि शेजारीच ठिणगी असते.

मग पेट्रोल की ठिणगी, हे ठरवायचं कसं? चोक ओढून सात-आठ किका मारा आणि प्लग काढा. टोक कोरडं असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओलंचिंब असेल तर पेट्रोल पोचतंय. एक तर ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोल जास्त येतंय.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीसाठी याहून धारदार चाचणी आहे. गाडी बंद पडली की लगेच कडेला घ्या, इंजिन जरा निवू द्या, टाकीखालचा कॉक बंद करा आणि बाउलच्या (कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती वाटी) तळाचा ड्रेन स्क्रू दोन वळणं सोडून नळीखाली छोटी बाटली धरा. दोन-तीन चमचे पेट्रोल धार धरून आलं, म्हणजे बाउल भरलेला होता, उपासमार नव्हती : कॉइल, पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ कळवणारी; पल्सर गाडीशी संबंध नाही), सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली फट) बघा. नुसतीच टिपटिप झाली, तर दोष बाउलच्या वर, टाकीकडे आहे. या एका स्क्रूने अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते.

टॅपेटचा उल्लेख उगाच नाही. होंडा घराण्यातल्या १०० सीसी इंजिनांत थंड असताना टॅपेटचं अंतर मिलिमीटरच्या काही शतांशांएवढंच ठेवतात. ते शून्यावर आलं की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब जातो आणि गाडी गरम असताना किकला दाद देत नाही. लक्षणं हुबेहूब पेट्रोलची आणि कार्ब्युरेटर कितीही धुतला तरी फरक शून्य.

‘थेट कार्ब्युरेटर उघडा’

कार्ब्युरेटर हे पेट्रोलच्या वाटेवरचं शेवटचं स्टेशन. आधी येतात झाकण, कॉक, जाळी, पाइप, फिल्टर. ही सगळी कार्ब्युरेटर न उघडता, एका पारदर्शक बाटलीने आणि घड्याळाने तपासता येतात.

काम उघड्यावर करा, इंजिन थंड हवं, जवळ बिडी-सिगारेट नको, वाळूची बादली असू द्या. थर्मोकोल किंवा पातळ डिस्पोजेबल पेला घेऊ नका, तो विरघळतो. कार्ब्युरेटरकडचं टोक सोडून पाइप बाटलीत धरा, टाकीचं झाकण घट्ट लावा, कॉक चालू करा आणि मोजा.

किती यायला हवं? ६० च्या वेगाने ६० चं ॲव्हरेज देणारी गाडी तासाला एक लिटर पिते, म्हणजे मिनिटाला १७ मिली. पूर्ण रेसला दुप्पट-अडीचपट धरा, ४० मिली. बाटलीत मिनिटाला १०० मिली आलं तर पुरवठा भरपूर आहे. पण एका मिनिटावर थांबू नका, तीन मिनिटं धार बघा. सुरुवातीला जोरात येऊन हळूहळू बारीक होत थेंबांवर आली, तर झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज होऊन धार परत सुटली की दोष सापडला : झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. पेट्रोल गेलं तेवढी हवा आत यायला हवी, ती येत नाही, टाकीत पोकळी धरते. ‘पाच किलोमीटर चालते, मग बंद, थोड्या वेळाने चालू’ या तक्रारीत पहिला संशय याच भोकावर घ्यावा. साबणाच्या पाण्याने आणि हवेने ते साफ होतं, खर्च काही नाही.

झाकण उघडूनही धार बारीकच, तर कॉक. ‘ऑन’ची नळी टाकीत उंच उभी असते, ‘रिझर्व्ह’चं तोंड तळाशी. ‘ऑन’ला बारीक आणि ‘रिझर्व्ह’ला चांगली धार, तर उंच नळीची जाळी तुंबली. दोन्हीकडे बारीक, तर कॉकमधला चार भोकांचा वॉशर सुजला किंवा फिरून भोकं झाकली गेली. कॉकखाली वाटी असलेल्या गाड्यांत ती आधी उघडा. गंज, रंगाचे पापुद्रे, पाणी सगळं तिथे जमतं. ‘रिझर्व्हवर चालवलं की गाळ ओढला जातो’ हेही जोडीला फिरतं. गाळ आहे तर तो उपसायचा. तळ वर्षानुवर्षं न वापरता ठेवला की तो वाढतच जातो.

बाटलीतलं पेट्रोल पाच मिनिटं स्थिर ठेवून उजेडात धरा. तळाशी तांबूस भुकटी म्हणजे टाकी आतून गंजते आहे. तळाशी वेगळी रेघ आखल्यासारखा थर म्हणजे वर सांगितलेला पाण्याचा थर. पण बाटली स्वच्छ दिसली म्हणून पेट्रोलमध्ये पाणी अजिबात नाही असं मात्र म्हणता येत नाही, विरघळलेलं दिसत नाही.

जुन्या ॲक्टिव्हाला हातकॉक नाही. इंजिनाच्या ओढीने कॉकमधला रबरी पडदा उचलला जातो तेव्हाच पेट्रोल सुटतं, त्यामुळे पाइप काढून नुसतं बघाल तर थेंबही येणार नाही आणि कॉक बाद ठरवून मोकळे व्हाल. मॅनिफोल्डकडून (कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारी नळी) येणारी बारीक नळी काढून तिला ओढ द्या, धार यायला हवी. ओढ सिरिंजने द्या, तोंडाने नाही. त्या बारीक नळीतच पेट्रोल सापडलं तर पडदा फाटला आहे आणि इंजिन तिथून फुकटचं पेट्रोल पितं आहे. काळा प्लग आणि ढासळलेलं ॲव्हरेज यांचा उगम पुष्कळदा इथे असतो.

पुरवठा ठीक निघाला, तरी पाना हातात घेण्याआधी ॲक्सिलरेटरच्या मुठीवर पांढरी टेप लावून चार खुणा करा : बंद, पाव, पाऊण, पूर्ण. कुठल्या खुणेवर गाडी अडखळते ते बघा. पहिल्या आठव्या हिश्श्यापर्यंत सत्ता स्लो जेट (संथ चालीचा छोटा जेट) आणि मिक्श्चर स्क्रूची, तिथून पावपर्यंत मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडच्या कापाची, पाव ते पाऊण स्लाइडला लटकणाऱ्या निडलची, पुढे मेन जेटची. आता त्या खुणेवर चालवताना चोक अर्धा ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, जास्तच बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. फक्त चोकवरच आयडलिंग टिकतं, तर स्लो जेट तुंबला आहे किंवा कुठून तरी फुकटची हवा शिरते आहे.

ही फुकटची हवा बहुधा कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या इन्सुलेटरच्या ओ-रिंगमधून किंवा चिरलेल्या रबरी मॅनिफोल्डमधून येते. आयडलिंगवर त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला, रेस पडली की तिथेच गळती. काही जण यासाठी कार्ब्युरेटर क्लिनर मारतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ ते पेटतं, पाणी बरं. ही ओ-रिंग कार्ब्युरेटरपुढे कवडीमोलाची, आणि तिच्यापायी कितीतरी चांगले कार्ब्युरेटर भंगारात गेले आहेत.

‘जेटला तार घालून भोक मोठं करा’

वरचा ४ टक्क्यांचा हिशोब इथे लावा. पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात येतं. ०.७५ मिलिमीटरचं भोक ०.८० केलं तर क्षेत्रफळ जवळजवळ १४ टक्के वाढतं. ०.३५ चा स्लो जेट ०.४० झाला तर ३० टक्के. ४ टक्क्यांसाठी ०.७५ चं ०.७६५ करावं लागेल, आणि ते तारेने करणारा हात अजून जन्माला यायचाय. शिवाय जेट पितळेचा, तार पोलादाची. आत ओरखडे पडतात, कडा झिजते, आणि जेटवर छापलेला नंबर त्यानंतर खोटा ठरतो. पुढच्या मिस्त्रीला त्या नंबरवरून काहीच कळत नाही.

साफ करायचंच तर फ्लोट (बाउलमधला तरंगणारा गोळा), रबर, ओ-रिंग सगळं काढा, जेट कार्ब्युरेटर क्लिनरमध्ये भिजवा, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी हवा मारा आणि उजेडाकडे धरून बघा : भोक गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. अडूनच बसलं असेल तर वायरमधली तांब्याची एकच बारीक तार, भोकापेक्षा सैल, हलकेच. स्लो जेटच्या अंगावर बाजूला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, तीही बघा. मधलं भोक साफ करून ही विसरली की गाडी दुसऱ्या दिवशी परत दारात येते.

‘स्क्रू दीड वळण’

कुठला स्क्रू? एअर फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवा मोजतो, सोडला की मिश्रण लीन. इंजिनाच्या बाजूचा मिश्रण मोजतो, सोडला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एकाच सल्ल्याने दोन गाड्या उलट दिशांना जातात. आधी आत नेत किती वळणं होतात ते मोजून लिहून ठेवा, हलक्या हाताने; दाबलात तर टोक बैठकीत रुतून कायमचा खड्डा पडतो. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावर पाव-पाव वळण फिरवत सगळ्यात जास्त रेस मिळते ती जागा शोधा, मग आयडलिंग १,४०० च्या आसपास आणा.

‘फिल्टर काढा, गोळ्या टाका’

फिल्टर काढल्यावर गाडी पळायला लागते, हे खरं आहे, कारण तुंबलेला फिल्टर गेला. पुढच्या महिन्यात तोच गंज फ्लोटने उघड-बंद होणाऱ्या निडलच्या बैठकीवर बसतो, ती निडल बंद होत नाही आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं. कधी ते सिलिंडरमार्गे ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू न करता ऑइल बदला. चूक वेगळ्याच ठिकाणी आहे : मोटारीच्या पंपासाठी बनवलेला दाट कागदी फिल्टर वजनाने वाहणाऱ्या पेट्रोलला जड जातो. दुचाकीचा जाळीचा फिल्टर, बाण खाली करून, पाइपला वळसा न देता लावा आणि बाटलीची चाचणी पुन्हा करा. फिल्टरमध्ये थोडी हवा दिसते, तिने घाबरू नका.

डांबराची गोळी पेट्रोलमध्ये विरघळते, पण ८० अंशांखाली ती घनच. बाउलमधलं पेट्रोल उडून गेलं की स्फटिक मागे राहतात, तेही ०.३५ मिलिमीटरच्या भोकाशेजारी. कापराचीही तीच कथा.

‘शेवटी नवा कार्ब्युरेटर’

कधीकधी खरंच लागतो. स्लाइड बोटाने पुढे-मागे हलवली तर खडखडते, बॉडीला तडा आहे, निडलची बैठक झिजली आहे आणि ती वेगळी मिळत नाही, मिक्श्चर स्क्रूचे आटे गेले आहेत, अशा वेळी. एरवी निडल, गॅस्केट आणि ओ-रिंगचा संच पुरतो. त्याआधी फ्लोटची पातळी बघा : बाउलच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती बाउलला खेटून उभी धरा, स्क्रू सोडा, नळीतलं पेट्रोल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या रेषेशी थांबायला हवं. फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो भोकाचा आहे, वाकवून उपयोग नाही.

नवा घेतलाच तर डब्यावरच्या गाडीच्या नावावर जाऊ नका. नव्यातले दोन्ही जेट काढून त्यांचे नंबर जुन्यांशी ताडून पाहा, स्लाइडच्या निडलची क्लिप कितव्या खाचेत आहे तेही. नंबरच नसलेला जेट आला असेल तर तो बाजूला ठेवा आणि जुनाच धुऊन घाला.